कासव, पहिलवान आणि माझा निःपक्षपाती निकाल

२ मार्च, सोमवार. दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सूनबाई लिहिणार. माझी आणि अक्षरांची ओळख कधी झाली नाही, पण त्यामुळे विचार थांबले असं नाही. उलट लिहिण्यात वेळ गेला नाही, तो सगळा विचाराला मिळाला. ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणीही वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे अगदीच सुरक्षित. सूनबाई, तू फक्त हात आहेस, असं तिला समजावून सांगितलं. हात हसला.

कारण असं. नातीला दुसऱ्या शहरात वर्तमानपत्रात फोटोग्राफरची नोकरी लागली. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी असलेली कुणी पाहिलेली नाही. याच महिन्यात निघणार. ऑफिसच्या कामाला ऑफिसचा कॅमेरा, पण स्वतःच्या फोटोंसाठी आजोबांचा जुना कॅमेरा नेणार. इथपर्यंत वाद नाही. वाद लेन्सचा.

कॅमेऱ्याची मूळची लेन्स आत-बाहेर होणारी. काम झालं की कॅमेऱ्याच्या पोटात ढकलायची, काम निघालं की मान बाहेर ओढायची. म्हणून तिचं नाव कासव. गेल्या वर्षी भिंगरीने जुन्या बाजारातून दुसरी आणली. तिची मान कायम ताठ, आत जायचं नाव नाही, अंगाने दणकट. तो पहिलवान. दोघांचं माप एकच, डोळ्याला दिसतं साधारण तेवढंच दाखवणारं. पण पिशवीत जागा एकाला.

सकाळी चहा घेताना भिंगरीला विचारलं, कुठली नेणार. तिने खांदे उडवले. म्हणजे तिने निर्णय माझ्यावर सोपवला. मी जबाबदारी स्वीकारली.

संकल्प: पक्षपात करायचा नाही. कासव यांच्या हातातलं, पन्नास वर्षं या घरात राहिलेलं, तरीसुद्धा नाही. रीतसर परीक्षा घ्यायची आणि मगच कासवाला पास करायचं.

३ मार्च, मंगळवार

जजची योग्यता नोंदवून ठेवते, नंतर कुणी शंका काढायला नको. हा स्टुडिओ यांचा आणि माझा. पडदा सरळ करणं, दिवे लावणं, रडणारी मुलं हसवणं, हसणारे नवरे गंभीर करणं, हनुवट्या वर करणं, ही सगळी कामं माझी. बटण दाबणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, म्हणून ते यांच्याकडे दिलं होतं.

आता मुलगा दुकान बघतो. पासपोर्टचे फोटो कॉम्प्युटरवर काढतो. रोल धुवायची अंधारी खोली मात्र त्याने ठेवली आहे, तेवढा तरी बापाच्या वळणावर गेला.

पुरावा नंबर एक: गल्ल्याच्या वर टांगलेला माझा फोटो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात यांनी कासवाने काढलेला. चेहरा असा मऊ आला आहे की दुधाची साय. आणि मागच्या रंगवलेल्या पडद्यावरच्या झाडाचं मात्र पान न पान मोजून घ्या. लोक विचारायचे, हे कसं हो केलंत? हे म्हणायचे, लेन्सच तशी आहे. म्हणजे कुणावर माया करायची आणि कुणावर नाही, हे कासवाला कळतं. पहिलवानाला हे शिकवून येणार आहे का?

सूनबाई म्हणाली, मग परीक्षा कशाला घ्यायची? तिला निःपक्षपातीपणा म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, हेही लिहू? म्हटलं, नको. लिहिलं असावं.

५ मार्च, गुरुवार

तपासणी. खिडकीशी बसून दोघांना उजेडासमोर धरलं.

पहिलवान: काच स्वच्छ. संशयास्पद स्वच्छ. ज्याने आयुष्यात काही पाहिलं नाही त्याचीच काच इतकी स्वच्छ राहते.

कासव: पुढच्या काचेवर बारीक रेषा आहेत. ओरखडे नव्हेत, रेषा. मी स्वयंपाकघरातल्या फडक्याने प्रेमाने पुसत असे, त्याच्या. कडेला कोळ्याच्या धाग्यासारखं काहीतरी. मुलाने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, आई, बुरशी आहे, आणि आत धुकंही धरलंय. कपाटात पडून राहिलं की असं होतंच म्हणे.

मी त्याला विचारलं, माझ्या डोळ्यात धुकं धरलं होतं तेव्हा मला कपाटात ठेवलं होतंस का? डॉक्टरकडे नेलंस ना? तो गप्प बसला. मुद्दा बिनतोड होता. सूनबाई म्हणते, तो गप्प बसला कारण गिऱ्हाईक आलं.

यांचा मंत्रही लिहून ठेव म्हटलं. कासव वापरायचं तर तीन गोष्टी. ओढ. फिरव. खटका ऐक. नुसती मान ओढून चालत नाही, ओढून जरा फिरवली की बारीक खटका वाजतो, तेव्हा ती जागेवर पक्की बसते. खटक्याशिवाय यांनी आयुष्यात बटणाला बोट लावलं नाही. हाताखाली शिकायला आलेल्या किती जणांना याच एका गोष्टीवरून घरी पाठवलं.

६ मार्च, शुक्रवार

आभाळ. परीक्षा तहकूब. गुडघाही तहकूब.

८ मार्च, रविवार. संध्याकाळ

परीक्षा झाली. फोटो मीच काढले. मुलगा म्हणत होता मी काढतो, पण त्याचा कल पहिलवानाकडे आहे हे मला टॉर्चच्या दिवशीच कळलं होतं.

समोरच्या सलूनवाल्याला उमेदवार केलं. त्याची खुर्ची खिडकीपाशी, उजेड एका बाजूने, मागे फळीवर तेलाच्या आणि अत्तराच्या बाटल्या. शिवाय दुसऱ्याला हलू नको सांगण्यात त्याचा जन्म गेला. त्याला म्हटलं, आता तू हलू नकोस. तो लगेच हलला. म्हणाला, आजी, मला सवय नाही. मी त्याची हनुवटी धरून वर केली, तो वस्तरा धरून बसला, आणि त्याच्या गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीवर वाट बघितली.

या कॅमेऱ्याची पद्धत अशी: लेन्समधून बघायचं नाही. बघायची खिडकी वेगळी. खिडकीत माणूस दिसतो आणि त्याच्या बाजूला त्याचीच एक फिकी सावली. लेन्स हळूहळू फिरवत ती सावली माणसात नेऊन बसवायची. बसली की दाबायचं. मी सहज बसवली. डोळा नवा करून घेतल्यापासून माझी नजर घरात सगळ्यात चांगली आहे.

अर्धा रोल कासवाने, मग अर्धा पहिलवानाने. हात जराही थरथरला नाही. जे काही हललं ते सलून होतं.

९ मार्च, सोमवार

रोल मुलाकडे दिला. निकालाचं भाषण तयार करून ठेवलं. सुरुवात: दोघांनीही चांगला प्रयत्न केला.

११ मार्च, बुधवार

रिझल्ट.

पहिलवानाचे सगळेच्या सगळे फोटो कोरे. एकही नाही. अंधार. कासवाचे सगळे आले.

मी म्हटलं, संपला विषय. ज्याला दिवसाउजेडी समोर बसलेला सलूनवाला दिसत नाही, तो वर्तमानपत्राच्या गावात जाऊन काय दिवे लावणार? मुलाने खिशातून पहिलवानाचं काळं झाकण काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, तू कॅमेरा परत दिलास तेव्हा हे लेन्सवर होतं. कासवाला झाकण कधी नव्हतंच.

आता खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी असेल तर झाकण आहे की नाही हे माणसाला कळणार कुठून? खिडकीत सलूनवाला छान दिसत होता. याला मी कॅमेरा बनवणाऱ्याची चूक मानते. तरीही जज म्हणून मोठं मन केलं आणि पहिलवानाला फेरपरीक्षा दिली.

कासवाचे फोटो मात्र बघत राहावे असे. सलूनवाला किती मऊ आला आहे. त्याची आई ओळखणार नाही. आणि मागच्या बाटल्यांवरची लेबलं मुलाने भरभर वाचून दाखवली. गल्ल्यावरच्या माझ्या फोटोचीच माया. कासव म्हातारं झालं, पण विसरलेलं नाही.

भिंगरीला दाखवले. ती पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली. फोटोकडे बघे, मग भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बघे. मग म्हणाली, आजी, पुढची परीक्षा मी घेते. अर्थात तिला भारावल्यासारखं झालं असणार.

१४ मार्च, शनिवार

फेरपरीक्षा. भिंगरीने माळ्यावरून जुना पडदा काढला. तोच, झाडाचा. धूळ झटकली, टांगला, आणि मला समोर स्टुलावर बसवलं. कॅमेरा तिवईवर. म्हणाली, सलूनवाला नको, आजीच पाहिजे. माणूस तोच, पडदा तोच. उजेड तेवढा नवीन.

मी उगाच नको नको म्हटलं आणि केस नीट केले.

तिने बरेच फोटो काढले. झाकण आहे का बघितलं. मीही तीनदा आठवण केली, तशी एकदा तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी हनुवटी वर करून गप्प बसले. कासवाची पाळी आली तेव्हा यांचा मंत्र म्हटला. ती हो म्हणाली.

सूनबाई दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, तुझाही एक काढायला सांग, मुलगी जायच्या आधी. ती म्हणाली, माझं काम पडलंय. काम काही नव्हतं. मी आत जाऊन बघून आले, नुसती उभी होती. हेही लिही म्हटलं, तर पेनची शाई संपल्याचं सांगते.

१६ मार्च, सोमवार. दुपार

लिहिताना हात जड झाला असेल तर तो सूनबाईचा, माझा नव्हे.

भिंगरीने माझे तीन फोटो गल्ल्यावर मांडले. कुठल्या लेन्सचा कुठला हे मागे खूण करून ठेवलेलं, मला दिसणार नाही असं. मुलगा दुकानाचं शटर अर्धं ओढून आला. सलूनवालाही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मला क्षणही लागला नाही. डावीकडचा आणि मधला, दोन्ही पहिलवानाचे. एकदम उद्धट. सुरकुती न सुरकुती मोजून घेतलेली. हनुवटीवर मला आजवर ठाऊक नसलेला एक तीळ. म्हटलं, हा कॅमेरा आहे की जनगणनेचा माणूस? आणि उजवीकडचा कासवाचा. साय. मी तीस वर्षांची दिसत होते, आणि मागचं पान न पान मोजून घ्या. म्हटलं, आता तरी पटलं ना?

भिंगरीने फोटो उलटे केले. डावीकडचा पहिलवानाचा. मधला, उद्धट, तिळाचा, कासवाचा.

मी म्हटलं, शक्य नाही. मधल्यात आणि डावीकडच्यात काडीचा फरक नाही. ती म्हणाली, तेच तर. नीट वापरलं तर दोघंही सारखेच आहेत, कासव फार तर जरासं धुकट. मग उजवीकडचा कुणाचा, विचारलं. तोही कासवाचाच. पण तो तिने मुद्दाम तसा काढला होता.

“आजी, यात खटका वाजलेला नाही. मान ओढली, पण फिरवली नाही. तुझ्या सलूनच्या फोटोंसारखी.”

पक्की न बसल्यामुळे मान केसभर आत सरकते म्हणे. खिडकीत सगळं ठीक दिसतं, पण लेन्स माणसाला सोडून मागच्या भिंतीवर नेम धरते. माणूस मऊ, बाटल्या स्पष्ट. मी मऊ, पानं स्पष्ट.

मी म्हटलं, बरं, माझ्याकडून एकदा राहिलं असेल. पण यांच्याकडून कधी राहिलं नाही. भिंगरीने हळूच वर बघितलं, गल्ल्याच्या वर.

“आणि त्यातही नाही, आजी.”

सलूनवाला म्हणाला, जातो, गिऱ्हाईक बसलंय. बसलेलं नव्हतं.

१७ मार्च, मंगळवार

आज काही सांगण्यासारखं नाही.

१८ मार्च, बुधवार

सांगते.

त्या फोटोच्या दिवशी हे सकाळपासून कॅमेरा पुसत बसले होते. नवीन बायकोला आपली कला दाखवायची होती. मला स्टुलावर बसवलं आणि खिडकीत डोळा लावून उभे राहिले, ते उभेच. हनुवटी वर, हेसुद्धा म्हणाले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, अहो, बघताय किती वेळ, दाबा आता. तसे दचकले आणि दाबलं.

म्हणजे तिथंच राहिला खटका.

रोल धुवायला गेले तर बराच वेळ अंधाऱ्या खोलीतून बाहेर येईनात. आत काय झालं असेल ते मला आत्ता कळतंय. जो माणूस खटक्यासाठी शिकाऊ पोरांना घरी पाठवायचा, त्याच्याच हातून, त्याच्याच बायकोचा फोटो. बाहेर आले, फोटो वाळत घातला, आणि मी विचारलं इतकी मऊ कशी हो दिसते मी? तर मान ताठ करून म्हणाले, लेन्सच तशी आहे. आणि टांगला गल्ल्यावर.

पुढे गावातल्या सगळ्या नव्या नवऱ्या यायच्या, तसाच फोटो काढा म्हणून हटून बसायच्या. हे बाहेर डोकवायचे आणि म्हणायचे, आज तसा उजेड नाही. मला वाटायचं, कलाकार आहेत, चोखंदळ आहेत. आणि तोंडाने यांची तारीफ कोण करत होतं दिवे लावता लावता? मी.

मला हसू आवरेना. सूनबाईलाही. लिहिता लिहिता तिने दोनदा चष्मा काढून पुसला. काचेवर धुकं धरलं असेल.

१९ मार्च, गुरुवार

निकाल. जजने भावनेच्या आहारी जायचं नसतं. कासव म्हणजे एक साधी, बरी, म्हातारी लेन्स. माया-बिया काही नाही. काच धुकट, कडेला बुरशी, आणि वापरणारा खटका विसरला तर तोंडघशी पाडणारी. पोरगी नव्या गावात एकटी, तिला विश्वासाची वस्तू हवी. तेव्हा पहिलवान जाईल. कासव कपाटात.

भाषण उभं राहून दिलं. मन घट्ट केलं. आवाज एकाच ठिकाणी घोगरा झाला, तो घशामुळे.

भिंगरी मान डोलवत होती. भाषण संपल्यावर कळलं, कानात फोनचं ते बारीक यंत्र होतं आणि ती नव्या घरमालकिणीशी बोलत होती.

२१ मार्च, शनिवार

पिशवी भरली. पहिलवान लावून कॅमेरा ठेवला तर पिशवीचं झाकण लागेना. भिंगरीने पहिलवान काढला, कासव लावलं, मान आत ढकलली, झाकण लागलं. म्हणाली, मी पहिल्यापासून हेच नेणार होते ना आजी, हे चपटं बसतं म्हणून. मग माझी परीक्षा? ती म्हणाली, तुला मजा येत होती म्हणून बोलले नाही.

म्हणजे हे तीन आठवडे मी जज नव्हते. मला रमवत होते.

तरी एक सांगते. कासव पिशवीत गेलं तेव्हा बरं वाटलं. निकाल चुकून बरं वाटण्याची ही पहिलीच वेळ.

२२ मार्च, रविवार. सकाळ

भिंगरी गेली. गाडी दारात आली तेव्हा म्हटलं, थांब, एक फोटो. रोलमध्ये एकच उरला होता. कॅमेरा मी घेतला. सूनबाईने मुलीला दारात उभं केलं, तिची कॉलर सरळ केली, पुन्हा सरळ केली, मग बाजूला झाली. भिंगरी चक्क जराही न हलता उभी. खिडकीत मी तिची सावली तिच्यात नेऊन बसवली. म्हटलं, हनुवटी वर. दाबलं.

मग तिने रोल काढून बापाच्या हातात दिला, कासवाची मान आत ढकलली आणि गेली.

खटका मी ऐकला. अगदी स्वच्छ ऐकला. नोंद करून ठेव म्हटलं. यांच्यासारखं माझं होत नाही.

२५ मार्च, बुधवार

पहिलवानाला कपाटातून काढून खिडकीत बसवलं. थोडा वेळ उजेडात राहू दे त्याला. कपाटात राहिलं की जाळं धरतं. स्वयंपाकघरातलं फडकं वापरलेलं नाही.

२९ मार्च, रविवार. दुपार

मुलाने रोल धुतला. फोटो आणून गल्ल्यावर ठेवला.

आमच्या दाराची कडी लखलखीत आली आहे. कडीच्या वरचे स्क्रू मोजता येतात, घंटीच्या बटणावर भिंगरीच्या बोटाचा डागसुद्धा दिसतो. आणि भिंगरी साय.

मुलगा म्हणायला लागला, आई, तू ते… मी म्हटलं, फ्रेम आण. भिंतीवर माझ्या शेजारी खिळा ठोकून घेतला. सूनबाईने धूळ नसताना काच पुसली. मग स्टूल ओढून तिथेच फोटोंखाली बसली, आता तिथूनच लिहिते आहे.

सलूनवाला डोकावला. म्हणाला, आजी, पोरगी काय सुरेख आली हो, असं कसं काय काढलंत?

सूनबाईचा हात थांबला आहे. तिला म्हटलं, लिही. लेन्सच तशी आहे.